दरी की खंदक?

(विठ्ठलवाडी इथे तरुण मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी मी इथे पोहोचले तेव्हा हॉलच्या दारात एक गंमत झाली. तुमच्यातला एक मुलगा फोनवर घरी सांगत होता, "अम्मी, दो दरी और भेज दो, लोग ज्यादा हैं." शेजारी खुर्च्या लावणारी मुलगी, मराठी शाळेतली असावी, थांबली आणि म्हणाली, "दरी? दरी कशी पाठवणार रे?" त्याला कळेना हिला काय कळलं नाही, आणि तिला कळेना हा काय मागतोय. मग सतरंज्या आल्या आणि कोडं सुटलं. आत्ता तुम्ही बसला आहात त्याच त्या.

मी तेव्हाच ठरवलं, भाषणाची सुरुवात इथूनच करायची. हिंदी-उर्दूत दरी म्हणजे ज्यावर आपण सगळे मांडीला मांडी लावून बसतो ती. मराठीत दरी म्हणजे जी आपल्याला समोरासमोरच्या दोन कड्यांवर उभं करते ती. आणि आपण दोन्ही भाषांत वाढलेली माणसं. घरी दरी अंथरायची, शाळेत दरीत डोकावायचं.

संयोजकांनी मला विषय दिला होता 'समाजासमाजातली दरी'. मी पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते. मी त्यांना म्हटलं, मला आधी त्या शब्दावरच बोलू द्या. कारण माझी अशी समजूत झाली आहे की आपण हा शब्द चुकीच्या जागी वापरतो, आणि त्यामुळे चुकीचे उपाय शोधत बसतो.

तर आधी खरी दरी बघू. त्यासाठी लांब जायला नको. इथल्या विठ्ठलवाडी स्टेशनवर उभे राहा आणि खोपोलीची गाडी पकडा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, आणि कर्जतच्या पुढचं स्टेशन कोणतं? पळसदरी. नावातच दरी असलेलं स्टेशन आपल्याच लाइनवर आहे. पळसाच्या झाडांची दरी. तिथे उतरून मान वर केली की समोर सह्याद्रीची भिंत दिसते.

ही भिंत काळ्या दगडाची, बेसॉल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा आला, थरावर थर साचले, आणि मग पाण्याने त्याला कापायला सुरुवात केली. राजमाचीच्या बाजूला उगम पावणारी आपली उल्हास नदी हेच काम करते आहे. पावसाळ्यात डोंगरावरून उतरायचं, दगडाचा कण न् कण उचलायचा आणि खाली कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाडीकडे घेऊन जायचा. संस्कृतात 'दृ' म्हणजे फाडणे, चिरणे. त्यावरून दरी. फारसीत 'दरीदन' म्हणजे फाडणेच. ते त्याच घराण्यातलं क्रियापद आहे. म्हणजे तुमच्या नानांची फारसी आणि शाळेतल्या बाईंचं संस्कृत या एका शब्दापाशी सख्खे नातेवाईक निघतात.

खऱ्या दरीच्या तीन खुणा लक्षात ठेवा. एक, तिला तारीख नसते. अमुक मंगळवारी दरी पडली असं भूगोलात होत नाही. दोन, ती कोणी मुद्दाम केलेली नसते. पाण्याचा कुणावर राग नसतो. तीन, ती बुजवता येत नाही. वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो, 'दोन समाजांतली दरी बुजवायला हवी'. अहो, दरी कोण बुजवतो? दरीत डंपरने माती ओतून कुणी लोणावळ्याला गेलं आहे का?

लोणावळ्याला आपण गेलो ते घाट बांधून. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली गाडी घाट चढली. बोगदे खणले, कमानींचे पूल बांधले. हजारो मजूर त्या कामात मेले, कॉलऱ्याने, तापाने, अपघाताने. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्या जुन्या मार्गात एक गमतीची सोय होती. खंडाळ्याच्या अलीकडे चढ इतका अवघड होता की गाडी एका जागी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघून पुढचा चढ चढायची. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. आणि आजसुद्धा कर्जतला गाडी थांबते ती कशासाठी? मागून जोर लावणारी इंजिनं जोडायला. पुढचं इंजिन एकटं तो घाट चढवू शकत नाही.

म्हणजे दरीचा उपाय घाट किंवा पूल. दरी तशीच राहते, तिच्यावरून जाणं-येणं सुरू होतं. हे झालं एक.

आता दुसरा शब्द घेऊ, खंदक. हा आपल्या मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला हे कुणाला आठवतही नाही. मूळ इराणी शब्द, अर्थ 'खणलेलं'. इराणीतून अरबीत गेला, तिथून फिरत फिरत आपल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी आला. 'खाई' हा शब्दही तसाच, संस्कृत 'खन्' म्हणजे खणणे यावरून आलेला. दोन्ही शब्दांच्या पोटात कुदळ आहे.

खंदकाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी लहानपणी मकतबमध्ये ऐकलेली असते. हिजरी ५, इसवी सन ६२७. मदिनेवर मोठी फौज चालून येत होती. हजरत सलमान फारसी यांनी सल्ला दिला की आमच्या इराणात अशा वेळी खंदक खणतात. खंदक खणला गेला, आणि स्वतः प्रेषित (स.) सुद्धा माती वाहत होते असं सीरतची पुस्तकं सांगतात. वेढा पडला, काही दिवसांनी उठला. खंदकाचं काम संपलं. मदिना खंदकासाठी नव्हती, खंदक मदिनेसाठी होता, आणि तोही तेवढ्या दिवसांपुरता.

आपल्या महाराष्ट्रातला बघायचा तर दौलताबादला जा. देवगिरीच्या किल्ल्याभोवती उभा कातळ तासून केलेला खंदक आहे. एके काळी तो ओलांडणं म्हणजे मरण. आज सहलीची मुलं त्यावरच्या पुलावर उभी राहून सेल्फी काढतात.

आता खंदकाच्या खुणा सांगते. त्याला तारीख असते. तो कुणीतरी, कशासाठी तरी खणलेला असतो. आणि तो बुजवता येतो, कारण काढलेली माती जवळच कुठेतरी पडलेली असते.

आता मराठी वाक्यं नीट ऐका. 'आमच्यात दरी पडली.' 'पडली' म्हणजे कशी? पाऊस पडतो, अंधार पडतो, तशी दरी पडली. यात माणूस कुठे आहे? कुठेच नाही. आता 'खंदक खणला' असं म्हणा. लगेच प्रश्न येतो, कुणी खणला? हा व्याकरणाचा प्रश्न वाटतो, पण तो न्यायाचा प्रश्न आहे. 'दरी' म्हटलं की सगळे सुटतात. ज्याने खणलं तो सुटतो, ज्याने कुदळ पुरवली तो सुटतो, आणि जो काठावर उभा राहून बघत होता तोही सुटतो.

म्हणून माझी तुम्हाला एक साधी विनंती आहे. कुणी तुमच्यासमोर 'दरी' म्हटलं की विचारा, कधीपासून? तारीख निघाली तर ती दरी नाही, तो खंदक आहे.

करून बघू.

आपल्या शेजारचं भिवंडी घ्या. यंत्रमागांचं गाव. १९७० च्या मे महिन्यात तिथे भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग बसला. १९८४ साली पुन्हा दंगल झाली. त्या काळात लोक सर्रास म्हणत, भिवंडीत हे असंच चालायचं, तिथली दरीच तशी आहे. मग १९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तिथे आले. त्यांनी काय केलं, तर मोहल्ला कमिट्या काढल्या. मोठे पुढारी बोलावून शांततेचा ठराव करण्याचा प्रकार नव्हे. गल्लीतले दोन्ही समाजांचे साधे लोक आणि त्या भागाचा पोलीस, नियमित एकत्र बसायचे. विषय काय? नळाचं भांडण, भाडेकरूचं भांडण, कुणाच्या पोराने कुणाच्या पोराला मारलं. छोटी भांडणं छोटी असतानाच मिटवायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा सगळ्यांचा अंदाज होता की भिवंडी पहिली पेटेल. भिवंडी पेटली नाही.

दरी असती तर चार वर्षांत काय झालं असतं? काही नाही. खंदक होता, म्हणून फावड्याने माती ओढून तो भरता आला.

आता मुंब्रा. आज कुणी तरुण मुलगा भाड्याने घर बघायला जातो आणि आडनाव ऐकून दलाल म्हणतो, "तुमच्यासाठी मुंब्र्याला बघा ना." जणू मुंब्रा आणि आपण हे निसर्गाने ठरवलेलं आहे. तारीख विचारा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली घाबरलेली कुटुंबं जीव वाचवायला तिथे आली आणि वस्ती झपाट्याने वाढली. त्या दंगलीवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आहे, १९९८ साली तो जाहीर झाला. तारखा आहेत, कागद आहेत. मग हे दरीचं प्रकरण नाही.

आणि हा खिडकीतून दिसतो तो मलंगगड. हाजी मलंग बाबांच्या दर्ग्यावर पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडचे लोक चढत आले. दर्ग्याची वहिवाट केतकर या ब्राह्मण कुटुंबाकडे. त्याबद्दलचा वाद १९५० च्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पण तो वहिवाटीचा, कारभाराचा वाद. 'ही जागा तुमची की आमची' हे भांडण आणि त्यासाठी मोर्चे १९८० च्या दशकातले. माझी दादी गडावर जायची तेव्हा तिच्यासोबत चाळीतल्या तीन हिंदू बायका असायच्या, आणि नवस बहुतेक त्यांचेच असायचे. दादीच्या आठवणीत नसलेली गोष्ट सनातन कशी असेल?

आतापर्यंत तुम्ही माना डोलावताय, कारण मी समोरच्या बाजूने खणलेले खंदक सांगतेय. आता आपल्या बाजूचे सांगते.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायका मजारीपर्यंत जात होत्या. आमच्या अम्मीने मला कडेवर घेऊन तिथे फुलं वाहिली आहेत. मग २०१२ च्या सुमारास एक दिवस आत जायला मनाई झाली. विचारलं तर उत्तर मिळालं, धर्मात असंच आहे. म्हणजे पुन्हा 'दरी'! जणू अनादि काळापासून. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका न्यायालयात गेल्या आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला, कधीपासून? २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मनाई रद्द केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बायका पुन्हा मजारीपर्यंत गेल्या. आभाळ कोसळलं नाही. चार-पाच वर्षांचा खंदक होता, बुजला.

त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. एकतर्फी तलाक नको, हे त्यांचं एक मागणं. फक्त सात बायका. लोक हसले. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मधली एकावन्न वर्षं 'पुरुष आणि बाई यांच्यात अल्लाहने ठेवलेला फरक' असं सांगणारे लोक आपलेच होते. फरक हा शब्द अरबी. फिरका म्हणजे पंथ, गट, हाही त्याच धातूचा. म्हणजे वेगळं करणं. आपल्याकडे फिरके किती, बिरादऱ्या किती, कुणी कुणाच्या घरी मुलगी द्यायची नाही याच्या याद्या किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. लग्नाची बोलणी करताना आपणही आडनावच विचारतो. घर नाकारणाऱ्या त्या दलालाला मग आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

कुणी म्हणेल, बाई, म्हणजे सगळेच खंदक? खरी दरी कुठेच नाही?

आहे. काही अंतरं हळूहळू, कुणाचा हेतू नसताना पडतात. माझ्या अब्बांची पिढी आणि तुमची पिढी यांच्यातलं अंतर तसं. उर्दू माध्यमात शिकलेला आणि मराठी माध्यमात शिकलेला, एकाच घरातले दोन भाऊ, एक पुस्तक दोघांना वाचता येत नाही, ते अंतर काही अंशी तसं. तिथे दोष देत बसू नका, घाट बांधा. घाट बांधणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातले श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मुसलमान, आणि वारकऱ्यांना आपले वाटणारे संत. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आणि १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सोबती होते. 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' असं कुणी आश्चर्याने म्हटलं की मला या माणसांची आठवण येते.

अशा पुलाचा एक दगड मला याच उल्हासनगरात सापडला. हे शहर फाळणीने वसवलं हे तुम्हाला माहीत आहे. युद्धकाळातली लष्करी छावणी होती, कल्याण कॅम्प. तिथे सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना ठेवलं, आणि १९४९ साली तिचं नाव उल्हासनगर झालं. म्हणून तर आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना अब्बांसोबत कॅम्पातल्या एका कापड दुकानात गेले. गादीवरचे म्हातारे सिंधी काका पेपर वाचत होते. मी बघितलं तर अक्षरं आपली! उजवीकडून डावीकडे. मी मकतबमध्ये नुकतीच शिकले होते, म्हणून मोठ्याने वाचायला लागले. अर्थ काही कळेना, काही अक्षरांवर जास्तीचे ठिपके. काका हसले, म्हणाले, "बेटा, ये सिंधी है." मग त्यांनी बोट ठेवून दोन ओळी वाचून दाखवल्या. आमच्यामुळे यांचं घर गेलं असं अब्बांना वाटत असावं, ते अवघडून उभे होते. काकांनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला. एवढंच झालं. पण ज्या फाळणीने दोन देश केले, तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची अक्षरं एकच होती हे मला त्या दिवशी दिसलं.

आता तिसऱ्या प्रकारच्या अंतराकडे येते. ते तुम्ही रोज ओलांडता. फलाट आणि गाडी यांच्यामधलं. किती वर्षं आपल्याला सांगितलं गेलं, सावकाश चढा, काळजी घ्या. लोक त्या फटीत पडत राहिले, हातपाय गमावत राहिले. २०१४ नंतर ओरड वाढली, उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, आणि मग रेल्वेने काय केलं? माणसांना उंच उड्या मारायला शिकवलं नाही. फलाट उचलला. ७६० मिलिमीटरवरून ९०० पर्यंत.

शिक्षणातलं आपलं अंतर असं आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाची चर्चा तुम्ही ऐकली असेल. पण २००१ च्या जनगणनेतला महाराष्ट्राचा आकडा फार कुणी सांगत नाही. राज्याची साक्षरता ७६.९ टक्के, आणि राज्यातल्या मुसलमानांची ७८.१ टक्के. म्हणजे अक्षरओळखीच्या पायरीवर आपण मागे नव्हतो, कणभर पुढेच होतो. मागे पडतो ते वरच्या पायऱ्यांवर, दहावीनंतर, पदवीला, नोकरीला. मुलं फलाटापर्यंत येतात, गाडीत चढताना फटीत जातात. तिथे 'मुलांनो, हिंमत ठेवा' हे भाषण पुरत नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, जवळ कॉलेज, मुलीला संध्याकाळच्या लोकलने सुखरूप घरी येता येणं, हे फलाट उचलण्याचं काम आहे. २०१४ साली राज्याने अध्यादेश काढून मुस्लिमांतल्या मागास गटांना पाच टक्के आरक्षण दिलं. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग त्या वेळी चालू ठेवला होता, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो बारगळला. हे मागत राहायला हवं, आणि मागताना भीक मागतोय असं वाटायचं कारण नाही. फलाट उचलल्याने सगळ्याच प्रवाशांची सोय होते.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगितली नाही तर हे सगळं पुस्तकी राहील.

माझी शाळा ठाण्याला आहे. सकाळच्या बदलापूर लोकलला आमचा बायकांचा ग्रुप होता. अकरा वर्षं. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या, रमजानमध्ये माझ्यासमोर कुणी डबा उघडायचं नाही, असा. त्यात अंबरनाथहून चढणारी एक मैत्रीण. तिचं नाव सांगत नाही. ती माझ्यासाठी रोज विठ्ठलवाडीपर्यंत जागा धरून ठेवायची, चौथी सीट का होईना.

सहा वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका मंगळवारी ग्रुपमधल्या एकीने मोबाइलवर व्हिडिओ लावला. मुसलमानांबद्दलचा. काय होतं ते सांगत नाही, तुम्ही असे खूप पाहिलेत. आवाज मोठा होता. दोघी-तिघी हसल्या. माझी मैत्रीण खिडकीबाहेर बघत राहिली. मीही काही बोलले नाही. ठाणे आलं, उतरले.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या लेडीज डब्यात चढले. तिसऱ्या दिवशीही. तिचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. घरी विचारलं तर मी सांगितलं, "आमच्यात दरी पडली." बघा, भूगोलाची बाई! हेच वाक्य बोलले मी.

पाच महिने गेले. एक दिवस कल्याणला गाडी थांबली आणि ती तिचा डबा सोडून, गर्दीतून धावत माझ्या डब्यात शिरली. समोर उभी राहून म्हणाली, "भांडायचं तर भांड माझ्याशी. डबा का बदललास?"

आणि मग आम्ही भांडलो. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "तू गप्प बसलीस. मला वाटलं तुला ते पटलं." ती म्हणाली, "मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. तू तरी बोलायचंस." मी म्हटलं, "दर वेळी मीच का बोलायचं?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरोबर आहे. तेव्हा मी बोलायला हवं होतं."

त्या रात्री मी हिशोब केला. पहिली कुदळ त्या व्हिडिओची होती, ते मी आजही नाकारत नाही, आणि तुम्हीही तुमच्या बाबतीत ते कधी नाकारू नका. अपमान गिळून गोड बोलणं म्हणजे सलोखा नव्हे. पण नंतरचे पाच महिने रोज सकाळी मधल्या डब्यात चढून माती मी काढत होते. तारीख मला माहीत होती, खणणारे हात मला माहीत होते, त्यातले दोन माझे होते. तरी मी त्याला दरी म्हणत होते, कारण दरी म्हटलं की काही करावं लागत नाही.

आमचं आजही सगळ्या गोष्टींत पटत नाही. राजकारणावर बोललो की आवाज चढतो. पण आता आम्ही एकाच डब्यात चढतो. आणि त्या ग्रुपमध्ये पुन्हा एकदा तसला व्हिडिओ सुरू झाला तेव्हा "बंद कर ते" असं म्हणणारा आवाज माझा नव्हता.

तर पुढच्या वर्गाला येताना एक काम करून या. आपल्या आयुष्यातलं एक अंतर निवडा. शेजाऱ्याशी, भावाशी, बहिणीच्या सासरशी, दुसऱ्या फिरक्याच्या मशिदीशी, वर्गातल्या मुलाशी, कोणतंही. कागदावर तीन ओळी लिहा. कधीपासून? कुणी खणलं? माती कुठे पडली आहे? तारीख सापडली नाही तर ती दरी आहे, आपण मिळून घाटाचा विचार करू. फट असेल तर फलाट कुणी उचलायचा आणि त्याच्याकडे कसा तगादा लावायचा ते ठरवू. आणि तारीख सापडली तर तुमचे स्वतःचे हात त्यात होते का, तेही खरं खरं लिहा. नाव लिहू नका, चालेल.

बाहेर चहा ठेवला आहे. जाण्याआधी या सतरंज्यांच्या घड्या घालायच्या आहेत. मोठ्या आहेत, एकट्याने होणार नाही. दोन टोकं दोघांनी धरायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. चला, उठा.